पिवळ्या खडूची खूण

"आधीच्या मालकाच्या बायकोनं धुऊन टाकलं ते," राजीव सांगत होता, आणि उल्का चहाचा ट्रे घेऊन गराजच्या दारात जागच्या जागी थांबली. गाडीचं बॉनेट वर होतं. त्याच्या आड राजीव आणि गाडी बघायला न्यू जर्सीतल्या पार्सिपनीहून आलेला तो मुलगा, यश, दोघंही इंजिनात डोकं घालून वाकले होते. दारातून दोघांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. "इथं, या फायरवॉलवर, इंजिनामागच्या या पत्र्यावर, फॅक्टरीतल्या माणसाच्या हातची खूण होती. मेणाच्या पिवळ्या खडूची. एक आकडा, एक टिक, आणि खाली त्याचं इनिशिअल. गाडी तपासून पास केली की लाइनवरचा माणूस लिहायचा. एकोणसत्तर सालची खूण, जशीच्या तशी राहिली होती. बाईनं साबण लावून घासून काढली. चांगल्या मनानंच केलं असेल, पण अडाणी. तो मला म्हणाला, मी तिला एक अक्षर बोललो नाही. बट आफ्टर दॅट आय कुडन्ट लुक ॲट हर द सेम वे. पंधरा वर्षं, म्हणाला." यशनं च्यक् केलं. ट्रेमधला एक कप दुसऱ्याला लागून किणकिणला. ती तशीच मागं फिरली आणि ट्रे ड्रायरवर ठेवून दिला.

आधीच्या मालकाला बायको नव्हती. वॉल्टर त्याचं नाव. तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात शाळेत सुतारकाम शिकवायचा आणि जन्मभर एकटा राहिला. ही पॉन्टिअॅक जीटीओ त्यानं शोरूममधून कोरी घेतली होती, आणि अठरा वर्षांपूर्वी राजीवला विकली तेव्हा तिच्या पहिल्या दिवसापासूनचे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून हवाली केले होते. उल्का त्या दिवशी बरोबर होती. वॉल्टरच्या व्हरांड्यात पर्स मांडीवर घेऊन बसली होती आणि तो म्हातारा तिला परत परत लेमोनेड विचारत होता. त्याच्या घरात बाईमाणसाची एक चप्पल नव्हती. तेव्हा इंजिन घासणारी बाई कोण हे उल्काला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि एक अक्षर न बोलणारा माणूस कोण हेही. त्या माणसाला तिनं चौतीस वर्षं जेवायला वाढलं होतं.

ड्रायरमध्ये टॉवेल फिरत होते. त्याच्या उबेवर हात ठेवून ती उभी राहिली आणि तिच्या मनात सगळ्यात आधी आला तो आकडा. पंधरा वर्षं. तिनं स्वतः हा आकडा किती वेळा मोजला होता, दर वेळी दुसऱ्याच कारणानं. पंधरा वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला राजीव बंगलोरहून परत आला, आणि आला तो वेगळाच माणूस. ओरडणं नाही, भांडण नाही. महिन्याभरात तो खाली बेसमेंटमधल्या खोलीत झोपायला लागला, कारण पहाटे भारतातले कॉल असतात, तुझी झोपमोड होते. कॉल संपले, ते प्रोजेक्ट संपलं, पुढं नोकरीही संपली. राजीव वर आला नाही. जेवायच्या टेबलावर मीठ दे, बिल भरलं का, लेकीचा, देवयानीचा फोन आला होता का, एवढं बोलणं राहिलं. लोकांसमोर तो तिच्याशी इतका अदबीनं वागायचा की मराठी मंडळातल्या बायका तिला नशीबवान म्हणायच्या. अदब कशी असते हे त्यांना काय ठाऊक. आपण बँकेतल्या बाईशी अदबीनं वागतो.

कारण शोधायला तिला वेळ लागला नव्हता. पुरुष परगावी जातो आणि परका होऊन येतो, यात डोकं कसलं चालवायचं. बंगलोरला त्याच्या टीममध्ये हिमानी होती. इथली, ओहायोतल्या कोलंबसचीच, मंडळात येणारी, उंच, मोकळी हसणारी, आणि त्या महिन्यात तीही बंगलोरलाच होती. उल्कानं राजीवचे खिसे पाहिले, हॉटेलची बिलं पाहिली, एकदा त्याच्या लॅपटॉपचा पासवर्डही हुडकून काढला. काही सापडलं नाही, आणि न सापडणं हाच तिला पुरावा वाटला, कारण राजीव व्यवस्थित माणूस होता. मग ती मनातल्या मनात हिमानीशी भांडू लागली. भांडी लावताना, बर्फ लोटताना, देवयानीला पियानोच्या क्लासला सोडून बाहेर गाडीत बसून राहताना. पंधरा वर्षं तिनं त्या बाईला इतकं ऐकवलं होतं की तेवढं राजीवला ऐकवलं असतं तर एव्हाना काहीतरी निकाल लागला असता. आणि एकदा तर मनातलं तोंडावर आलंच. गणपतीच्या आदल्या दिवशी मंडळाच्या मोदकांसाठी दहाजणी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमल्या होत्या. हिमानी सारणाला हात लावायला पुढं आली. "तू राहू दे," उल्का म्हणाली, "दुसऱ्याच्या घरातलं उचलायची तुझी सवय आहे, सारण पुरायचं नाही."  हिमानीचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग पांढरा पडला. ती हात धुऊन निघून गेली, मंडळात परत आली नाही, आणि वर्षभरात नवऱ्याची बदली घेऊन दोघं व्हर्जिनियात हर्नडनला गेली. राजीवनं एवढंच विचारलं होतं, "तू तिला असं का बोललीस?" आणि उल्काला वाटलं होतं, बघा, कशी कळ लागली.

आता ती बाई हर्नडनला एखाद्या स्वयंपाकघरात उभी असेल, आणि आपल्याला काय म्हणून बोललं गेलं हे तिला अजून कळलेलं नसेल.

हिमानीशी काही नव्हतं. खडूची खूण होती. उल्काला हसू आलं. खरं म्हणजे बाई परवडली असती. बाईचं समजतं. बाई आपल्यापेक्षा देखणी असते, तरुण असते, तिचा राग करता येतो, ती म्हातारी झाली की जरा बरंही वाटतं. पण पत्र्यावरची एक पिवळी रेघ, जी कुणा मिशिगनच्या कामगारानं पुढच्या गाडीची घाई असताना ओढली, तिच्यापुढं आपण हरलो. त्या कामगाराला घरी गेल्यावर ती आठवलीही नसेल.

आणि तिनं ती धुतली होती हे तर खरंच होतं. तो दिवस तिला इतका लख्ख आठवत होता की तो राजीवनं दुसऱ्या बाईच्या नावावर लावला याचाच तिला जास्त राग आला. खंडेनवमी होती. राजीव दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, पोहोचणार होता. उल्का इचलकरंजीची. तिच्या वडिलांचं, आप्पांचं, मागांचे सुटे भाग बनवायचं छोटं वर्कशॉप होतं आणि वर्षातला तो एकच दिवस असा असायचा की लेथ बंद असायचा आणि पोरांना आत शिरायची मुभा मिळायची. आप्पा लेथ रॉकेलनं धुवायचे. चिंधीनं दातेरी चाकांतला एकेक दात पुसायचे. मग हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि पूजा होईपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. "वर्षभर हे आपल्यासाठी राबतं," आप्पा म्हणायचे, "एक दिवस आपण त्याच्यासाठी राबायचं." ती सात वर्षांची असताना त्यांनी तिच्या हातात चिंधी दिली होती. भावाच्या हातात दिली नव्हती, तिच्या. त्या एका गोष्टीवर तिचं अख्खं बालपण सुखाचं गेलं असं ती पुढं सांगायची. माणसानं माणसाला यंत्र धुवायला द्यावं, यापेक्षा मोठा विश्वास तिच्या घरात कुणाला माहीत नव्हता.

म्हणून तिनं ठरवलं, तो यायच्या आत गाडी धुवायची. बाहेरून राजीव स्वतःच धुवायचा, दर रविवारी, लहान बाळाची न्हाणी असावी तशी. तिथं तिला काम उरलं नव्हतं. म्हणून बॉनेट उघडलं. आत चाळीस वर्षांची धूळ, तेलाचे ओघळ. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि देवयानीचा जुना टूथब्रश घेऊन ती दोन तास वाकून बसली. कंबर धरली. मागच्या पत्र्यावर कुणी तरी पिवळ्या कशानं तरी गिरबटलं होतं. तिला वाटलं एखाद्या मेकॅनिकनं फोन नंबर वगैरे खरडला असेल. ते सहज निघेना, तेव्हा तिनं थोडं तेल लावून ते मऊ केलं आणि मग घासलं. शेवटची रेघ गेली तेव्हा तिला जे समाधान वाटलं होतं तेही तिला आठवत होतं, आणि आत्ता ड्रायरपाशी उभ्या उभ्या त्या समाधानाचीच तिला शिसारी आली. मग इंडियन स्टोअरमधून आणलेल्या झेंडूची माळ, कुंकवाचं बोट, खाली रांगोळीची चार बोटं. राजीव आला तेव्हा बॅगा हॉलमध्येच ठेवायला लावून, हाताला धरून तिनं त्याला गराजमध्ये नेलं होतं. त्यानं आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बॉनेट हळूच, आवाज न करता खाली केलं आणि म्हणाला, "छान."

एवढंच. त्यानंतर ती पंधरा वर्षं त्या "छान"कडं वळूनही बघायला गेली नव्हती. घरातली चांगली जुनी आठवण म्हणून तिनं ते बाजूला ठेवलं होतं. सगळं बिघडायच्या आधीचा शेवटचा गोड शब्द.

"काकू, बाथरूम कुठे आहे?" यशची बायको दारात उभी होती. रुही. सकाळपासून ती बिचारी गराजमध्ये फोल्डिंगच्या खुर्चीवर बसून फोन बघत होती. आठ तास गाडी चालवून, मागं रिकामा ट्रेलर ओढत दोघं रात्रीच इथं, कोलंबसला लागून असलेल्या डब्लिनला पोहोचली होती आणि मोटेलवर उतरली होती. उल्कानं हातानंच दाखवलं. परत आली तेव्हा रुही किचनच्या ओट्याला टेकून उभी राहिली, तिला लगेच बाहेर जायचं नव्हतं हे दिसत होतं.

"चहा गार झाला," उल्का म्हणाली. "परत करते."

"अहो, असू दे ना. मायक्रोवेव्ह करू." रुहीनं स्वतःच कप उचलले. "यशचं काही खरं नाही. ही तिसरी गाडी आम्ही बघतोय. इंडियानाची कॅन्सल केली, कारण सीट कव्हर नंतर बदललं होतं. मला काही फरकच दिसला नाही. तुम्ही चालवली कधी ही?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही," उल्का म्हणाली. "शेजारी बसले आहे. पाय पुसून."

रुही हसली, मग उल्काच्या चेहऱ्याकडं बघून थांबली. मायक्रोवेव्ह गुणगुणत होता. "काका ती स्टोरी सांगत होते ना," ती म्हणाली, "ओनरच्या वाइफची. मला इतकं कसंतरी झालं. कसला नवरा यार. म्हणजे, सांग ना तिला. ओरड. काहीतरी तोड. फिफ्टीन इयर्स नुसतं बघत राहायचं? मी असते तर पंधरा दिवसांत बॅग भरली असती."

"तिला माहीतच नसेल," उल्का म्हणाली.

"बायकोला कळत नाही असं असतं का?"

यावर उल्काकडं उत्तर होतं, पण ते या पोरीला द्यायला ती तयार नव्हती. कळतं, सगळं कळतं, फक्त भलतंच कळतं. तिनं मायक्रोवेव्हमधून कप काढले. हाताला चटका बसला आणि बरं वाटलं. बॅग भरायची, तर भरून कुठं जायचं? पंधरा वर्षांपूर्वी देवयानी चौदा वर्षांची होती, आप्पा गेले होते, आणि उल्काकडं लायब्ररीतल्या पार्टटाइम नोकरीखेरीज काही नव्हतं. आणि मुख्य म्हणजे, तिला जायचं नव्हतं. तिला वाटत होतं की हिमानीचं भूत उतरेल आणि राजीव एक दिवस जिना चढून वर येईल. ती वाट बघत होती. हे आज कबूल करायला हरकत नव्हती. पन्नाशी ओलांडली, साठी आली, तरी ती रात्री जिन्याचा आवाज ऐकायची. आणि खाली तो पडून काय आठवत होता, तर एक आकडा, एक टिक आणि एक इनिशिअल.

तिला आता एकच गोष्ट हवी होती आणि ती इतकी साधी होती की तिची तिलाच लाज वाटली. राजीवनं एकदा म्हणावं, तू धुतलंस. माझ्या बायकोनं धुतलं. रागानं म्हणावं, शिवी घालून म्हणावं, अडाणी म्हणावं. पण वॉल्टरच्या नसलेल्या बायकोच्या पदराआड तिला ढकलू नये. शिक्षा पंधरा वर्षं भोगली, गुन्हा तरी आपल्या नावावर असावा. या घरातून आता सगळंच चाललं होतं. राजीवच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग आला होता, डॉक्टरनं ड्राइव्ह करायचं बंद केलं होतं, आणि पुढच्या महिन्यात दोघं देवयानीजवळ सिअ‍ॅटलला दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये जाणार होती. तिथं बेसमेंट नव्हतं. झोपायची खोली एकच होती. त्या खोलीत ती कोण म्हणून जाणार होती, हे आज ठरायचं होतं.

गाडीची जाहिरात राजीवनं दोन आठवडे घासूनपुसून लिहिली होती. उत्तम राखलेली, मोस्टली ओरिजिनल. मग सगळे दोष, एकेक करून, कारण तो अशा बाबतीत काटेकोर: डाव्या दाराखाली वाटाण्याएवढा गंज, मागच्या सीटची एक उसवलेली शिवण, रेडिओचं एक बटण नंतरचं. शेवटी एक ओळ होती, फायरवॉलवरच्या फॅक्टरीच्या खुणा आधीच्या मालकाच्या काळात गेल्या. उल्कानं ती आयपॅडवर वाचली होती आणि काही न कळून पुढं सरकवली होती. बाकी सगळे दोष खरे होते. खोटा एकच होता, आणि तो तिचा होता.

ट्रे घेऊन ती बाहेर आली. यश खाली आडवा पडून गाडीच्या पोटाखाली बघत होता. तो हात झटकत उठला. गुटगुटीत, चष्मेवाला, बोलताना सारखा गाडीला हात लावणारा. "थँक यू काकू. यार, व्हॉट अ कार. काकांनी काय मेन्टेन केलीय. ओन्ली त्या बाईनं ते मार्क्स घासले नसते ना..."

"मी घासले," उल्का म्हणाली.

तिला वाटलं होतं हे म्हणायला जड जाईल. अगदी सहज निघालं. यशनं कप हातात धरून तिच्याकडं पाहिलं. राजीव पुसायचं फडकं घडी करत होता. त्याची घडी थांबली नाही.

"खंडेनवमी होती," ती यशला म्हणाली, कारण यश ऐकत होता. "आमच्याकडं हत्यारं, यंत्रं सगळं धुतात आदल्या दिवशी. तुझ्या आईला विचार, सांगेल. हे बंगलोरला गेले होते. मी साबणानं धुतलं आणि पिवळं निघेना म्हणून तेल लावलं. तुझ्या काकांना त्याचं वाईट वाटलं असेल तर ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. वॉल्टरचं लग्नच झालं नव्हतं."

 समोरच्या घरापुढं कुणी तरी पानं उडवायचं यंत्र चालवत होतं, ते बंद झालं आणि परत सुरू झालं. रुही यशकडं बघत होती. उल्का राजीवकडं बघत होती, आणि तिच्या मनात आलं की आता. आता बोल. ओरड, काहीतरी तोड, त्या पोरीनं सांगितलं तसं. राजीवनं घडी पूर्ण केली, फडकं फळीवर ठेवलं, आणि यशच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थोडं बाजूला वळवत, आवाज उतरवून इंग्रजीत म्हणाला, "शी गेट्स मिक्स्ड अप दीज डेज. वुई आर गेटिंग इट चेक्ड."

पण आवाज पुरेसा उतरवला नव्हता. किंवा मुद्दामच नसेल. तिच्यावर चिडायची वेळ आली की तो इंग्रजीत जायचा. इंग्रजीत चिडायला त्याला सभ्य वाटायचं. उल्कानं त्याच्याकडं नीट पाहिलं. काळा डाग पडलेले डोळे, नीट विंचरलेले केस, शर्टाच्या खिशाला पेन. हा माणूस आपल्याला वेडी ठरवायला तयार आहे, पण आपला नवरा म्हणवून घ्यायला नाही. बंगलोरच्या बाईची लाज निदान वेगळी असती. याला लाज कुंकवाची होती. बॉनेटला बोट लावणाऱ्या, टूथब्रश घेऊन वाकणाऱ्या इचलकरंजीच्या पोरीची. जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या गोऱ्या म्हाताऱ्यांना काय सांगायचं याची चिंता, आणि आता हा तर आपल्यातलाच पोरगा, काकू म्हणणारा, तरी त्याच्यासमोरही. यशनं तिच्याकडं जरा जास्तच मायेनं पाहिलं आणि चहा छान झालाय असं सांगितलं. माणसाला गोंधळलेली म्हटलं की सगळे एकदम त्याच्याशी किती प्रेमानं बोलायला लागतात.  रिकामे कप गोळा करून ती आत गेली आणि ओट्यापाशी बसून राहिली.

साडेबाराला नोटरी आली. ओहायोत गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, विकणाऱ्यानं नोटरीसमोर सही करावी लागते, म्हणून राजीवनं घरी येणारी एक बाई ठरवली होती. साठीची, गळ्यात साखळीनं चष्मा लटकवलेली. सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले. यशनं चेक पुढं ठेवला. नोटरीनं टायटल उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "यावर दोन नावं आहेत. उल्का कोण?"

हे उल्का विसरलीच होती. अठरा वर्षांपूर्वी टायटल ऑफिसच्या खिडकीवर राजीवनं न विचारता दोघांची नावं लिहिली होती. तेव्हा तो तसा होता. इतक्या जुन्या चांगुलपणाची तिला आज गरज नव्हती.

"मी," ती म्हणाली.

राजीवची सही झाली. मग नोटरीनं कागद तिच्यापुढं सरकवला आणि ठरलेल्या सुरात विचारलं, यात लिहिलंय ते खरं आहे का, तुम्ही स्वखुशीनं सही करताय का, कशावर सही करताय ते तुम्हाला समजतंय का. दिवसातून दहादा विचारत असेल. उत्तराची वाटही न बघता ती शिक्का काढत होती.

"ते मला सांगता येणार नाही," उल्का इंग्रजीत म्हणाली. सावकाश, लायब्ररीत लहान मुलांना वाचून दाखवताना वापरायची त्या इंग्रजीत. "माझे पती म्हणतात की माझा हल्ली गोंधळ होतो. तपासणी चालू आहे. आज सकाळीच म्हणाले, या दोघांसमोर. माझी सही चालेल का, हे त्यांनाच विचारा."

नोटरीनं शिक्का खाली ठेवला. चष्मा काढला. "सर?" ती राजीवला म्हणाली. "असं असेल तर मला हे करता येणार नाही."

"तसं काही नाही," राजीव हसून म्हणाला. "गंमत होती."

"कशाबद्दल?" नोटरीनं विचारलं. ती हसली नाही.

यश टेबलाच्या लाकडाकडं बघत होता. रुही थेट राजीवकडं.  उल्काला अजून वाटत होतं, याच्या तोंडून ते निघणार नाही. कागद फाडेल, चेक परत करेल, गाडी गराजमध्ये कुजवेल, पण हे म्हणायचा नाही. पंधरा वर्षं छातीशी धरलेली गोष्ट माणूस अशी कशी सोडेल. तसं झालं असतं तरी चाललं असतं. निदान त्या गप्प बसण्याचं वजन तरी समजलं असतं.

"इंजिन हिनंच धुतलं," राजीव नोटरीला म्हणाला. "माय वाइफ. पंधरा वर्षांपूर्वी, पूजेसाठी. तिला सगळं बरोबर आठवतंय. मी खोटं सांगितलं होतं. शी इज परफेक्टली फाइन." एका दमात, फोनवर आपला पत्ता सांगावा तशा आवाजात. मग घड्याळाकडं बघून यशला म्हणाला, "तुम्हाला लाँग ड्राइव्ह आहे."

"इट्स ओके, काका," यश पुटपुटला. "आय स्टिल वॉन्ट इट."

नोटरीनं उल्काकडं पाहिलं. उल्कानं मान हलवली. वाक्य मिळालं होतं, जसं हवं होतं अगदी तसं, माझी बायको हे शब्दसुद्धा त्यात होते, आणि ते किती हलकं होतं. तिच्यासाठी पंधरा वर्षांत जे सुटलं नाही ते एका सहीसाठी एका क्षणात सुटलं. म्हणजे ते कधीच इतकं घट्ट नव्हतं. कुठल्याही मंगळवारी, भाजी चिरताना, त्याला ते म्हणता आलं असतं, आणि ती रडली असती, आणि तो दोन दिवस धुसफुसला असता, आणि वर आला असता. त्याला जमत नव्हतं असं नव्हतं. त्याला गरज पडली नव्हती.

तिनं पेन घेतलं आणि सही केली.  नोटरीनं तारीख घातली, शिक्का दाबला. यश आणि रुही ट्रेलर मागं घ्यायला उठून बाहेर गेली.

राजीव कागदांच्या कडा जुळवत होता. तिच्याकडं न बघता, मराठीत, खालच्या आवाजात त्यानं विचारलं, "झालं समाधान?"

त्या गोष्टीबद्दल त्यानं तिला विचारलेला तो पहिला प्रश्न होता, म्हणून तिनं नीट विचार करून उत्तर दिलं.

"नाही," ती म्हणाली, आणि पेन नोटरीबाईंना परत केलं.